परवाना

संडासाच्या पाईपवर लिहितो आहे. ज्याला वाचताना नाक धरावंसं वाटेल त्यानं खुशाल पान उलटावं. पण उलटण्याआधी एवढं आठवावं, की आपल्या बापजाद्यांसमोर गाव असंच नाक धरून उभं राहत होतं.

जुलै २०२४ ची गोष्ट. उमरीत तीन दिवस झड लागलेली. चौथ्या दिवशी सकाळी न्हाणीच्या मोरीतून पाणी उलटं वर यायला लागलं. आधी वाटलं, मोरीत केस अडकले असतील. तार घालून पाहिली. काही नाही. मग संडासात एक बादली टाकली तर पाणी खाली जाईना, भांड्यात डुचमळत राहिलं. दुपारपर्यंत मागच्या अंगणात, भिंतीच्या कडेला जमीन ओली होऊन फुगली आणि तिथून काळं पाणी पाझरायला लागलं. ते पाणी उताराला लागून शेजारच्या दारात गेलं.

शेजारीण आली. आमच्याच वाड्यातली, आमच्याच बुद्धविहारात वंदनेला बसणारी. म्हणाली, "भावजी, तुमची घाण आमच्या दारात आली की वो."

ती चुकीचं काही बोलली नाही. पण 'तुमची घाण' हा शब्द कानात बसला. हा शब्द आमच्या आजानं ऐकला, बापानं ऐकला. तो गावाकडून वाड्याकडं यायचा. आता वाड्यातल्या वाड्यात फिरूलालाय.

घर १९९१ साली बांधलेलं. मी मास्तरकीला लागलो, माय म्हणाली आता बाहेर जाणं जमत नाही, तेव्हा संडास बांधला. आमच्या गल्लीत भुयारी गटार नाही. घराघराची आपापली टाकी. संडासापासून मागच्या टाकीपर्यंत तीसेक फूट लाइन. त्या वेळी मिस्त्रीनं भाजलेल्या मातीचे, आतून काचेचा हात दिलेले तांबूस पाईप टाकले होते. जमिनीखाली काय आहे हे तेहतीस वर्षं कुणी विचारलं नाही. घाण डोळ्यांआड गेली की आपण तिला विसरतो. आणि तिला डोळ्यांआड करणाऱ्यालाही विसरतो.

पोरगा म्हणाला, "बाबा, टाकीवाल्याला फोन लावू का?"

टाकीवाला. वाड्यात ज्याच्या घरी संडास आहे त्याच्या मोबाइलात हा नंबर आहे. त्याचं नाव कुणाच्याच मोबाइलात नाही. माझ्याही नव्हतं. मी म्हणालो, लाव.

तासाभरात तो आला. चाळिशीचा असेल, दिसत होता साठीचा. हातात एक बादली, दोरी आणि बांबूची लांब चिप. टाकीभोवती फिरला. पाय आपटून पाहिला. म्हणाला, "मालक, लाइन फुटली हाय. टाकी बी भरली हाय. आधी टाकी रिकामी करावं लागंल. मंग मी आतून पाईपाचं तोंड मोकळं करतो. बाराशे द्या. अन् क्वार्टरचे पैशे आदी द्या. बिनपेता उतरता येत न्हाई."

मालक.

माझा बाप येसकर होता. दुसऱ्याच्या वाड्यासमोर जोडे हातात घेऊन उभा राहायचा आणि आतल्या माणसाला मालक म्हणायचा. बापाला आयुष्यात कुणी मालक म्हटलं नाही. त्याच्या पोराला म्हटलं, आणि कधी म्हटलं, तर संडासाच्या टाकीपाशी. मी त्याला सांगायला पाहिजे होतं की मला मालक म्हणू नको. नाही सांगितलं. खोटं कशाला लिहू? बरं वाटलं. क्षणभर का होईना, बरं वाटलं. दीडशे रुपये काढून दिले आणि गुत्त्याकडं जाणाऱ्या त्याच्या पाठीकडं बघत राहिलो.

तो आला. सदरा काढून लिंबाच्या फांदीला अडकवला. पहार घालून टाकीची फरशी सरकवली. मी दोन पावलं मागं झालो आणि उपरणं नाकाला लावलं. त्यानं काडी ओढून आत धरली. काडी जळत राहिली. म्हणाला, "हवा चांगली हाय. काडी इझली असती तर न्हवतो उतरत."

आणि इथं माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. ज्ञानाचा नव्हे, लाजेचा.

वर्षभरापूर्वी मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा शिवारात संडासाची टाकी साफ करताना पाच माणसं मेली. मुसलमान कष्टकरी, एकमेकांच्या नात्यातले. सहाव्याला दवाखान्यात न्यावं लागलं. आपल्याच मराठवाड्यातली गोष्ट. त्या आठवड्यात विहारात बैठक झाली. त्या बैठकीत भाषण कुणी केलं? मी केलं. कागद हातात धरून मीच पोरांना सांगितलं, की टाकीत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू असतो. तो हवेपेक्षा जड, तळाशी बसून राहतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच मरतं, वास येणंच बंद होतं, आणि माणसाला वाटतं हवा स्वच्छ झाली. दोन श्वासांत माणूस कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. काडी लावून हा वायू कळत नाही. उलट टाकीतल्या मिथेननं पेट घेतला तर भडका होतो. हे सगळं मीच बोललो होतो. टाळ्या पडल्या होत्या.

आणि आता माझ्याच अंगणात, माझ्याच दीडशे रुपयांची दारू पिऊन एक माणूस काडी विझवून उघड्या टाकीत पाय सोडत होता.

मी म्हणालो, "थांब. उतरू नको."

त्याला वाटलं, पैशाची घासाघीस चालली. "हजार द्या मंग."

"पैशाचं नाही. उतरूच नको. मरशील."

तो हसला. "मालक, पंधरा वर्सं उतरूलालाव. मेलो का?"

मी त्याला कायदा सांगायला लागलो. २०१३ चा कायदा, हातानं मैला साफ करायला बंदी घालणारा. ६ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. म्हणजे बघा, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाचा दिवस. त्याआधी १९९३ चा एक कायदा होता, पण त्याचा रोख कोरड्या संडासांवर. २०१३ च्या कायद्यात गटार आणि सेप्टिक टाकी दोन्ही आल्या. साधनं आणि सुरक्षेची तजवीज न करता कुणालाही त्यात उतरवायचं नाही. हे बंधन एकट्या नगरपालिकेवर नाही, कंत्राटदारावर आहे, सोसायटीवर आहे, आणि घरमालकावरही आहे. थेट उतरवा नाहीतर दुसऱ्याच्या आडून उतरवा, गुन्हा तोच. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा अजामीनपात्र.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग सदरा अंगात घालत म्हणाला, "तुमी न्हाई उतरवलं तर पल्याडच्या गल्लीत उतरवतील. मला काय फरक? कायदा बोलायचा हुता तर बोलावलं कामून? माझा दिवस खाल्ला."

मी त्याला दिवसाची मजुरी दिली. त्यानं घेतली. आभार मानले नाहीत. कशाला मानावेत? जाताना टाकीची फरशी मात्र परत जागेवर सरकवून गेला. "लेकरं खेळतेत हितं," एवढंच बोलला. भाषण देणाऱ्या माणसाला ते सुचलं नव्हतं.

त्या रात्री झोप आली नाही. दोस्तहो, एक गोष्ट तुम्हाला सांगतो, ती कडू आहे. अनुसूचित जातीच्या माणसाला हातानं मैला काढायला लावणं हा अॅट्रॉसिटीच्या कायद्याखालीही गुन्हा आहे. २०१५ च्या दुरुस्तीनं तो स्पष्ट केला, २६ जानेवारी २०१६ पासून लागू. पण तो गुन्हा अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या माणसानं केला तरच. मी स्वतः त्या यादीतला. म्हणजे तो माणूस माझ्या टाकीत मेला असता तर अॅट्रॉसिटीचं कलम मला चिकटलं नसतं. ज्या कायद्यानं माझं रक्षण व्हायचं, त्याच कायद्याच्या आडोशाला उभं राहून मी त्याला उतरवत होतो. आपण म्हणतो जातीची उतरंड. उतरंडीत आपल्या वर किती मडकी आहेत ते आपण रोज मोजतो. आपल्या खाली कोण आहे ते मोजायला आपल्याला वेळ नसतो.

दुसऱ्या दिवशी ठरवलं. काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्यायचं. रीतसर, कागदावर. उमरीहून गाडीत बसलो आणि नांदेडला गेलो. दोन दुकानं फिरलो. एकानं फोनवर पत्ता विचारला. वाडा सांगितला तर थोडा थांबला आणि म्हणाला, सध्या माणसं नाहीत. माणसं नव्हती की वाडा नको होता, मी कसं सांगू? दुसरा यायला तयार झाला. त्याचा परवाना भिंतीवर काचेत लावलेला होता. मी काचेजवळ जाऊन तारीख वाचली. मुदत संपलेली नव्हती. तो म्हणाला, "सर, पहिलेच गिऱ्हाईक बघितलं तारीख वाचणारं."

पोरांनो, तारीख वाचत जा. आपण लग्नपत्रिकेवरचं नाव वाचतो, परवान्यावरची मुदत वाचत नाही.

तो आला. सोबत दोन गडी. त्यानं केलेलं काम मी पहिल्यापासून शेवटपर्यंत उभं राहून बघितलं. ते तुम्हाला सांगतो, कारण हे ज्ञान आहे आणि ज्ञान लपवून ठेवणाऱ्यांनीच आपल्याला बुडवलं.

सगळ्यात आधी त्यानं मैला ओढणारा टँकर मागवला. टाकीवरच्या दोन्ही फरश्या उघडल्या, पाईप आत सोडला आणि मशीननं टाकी ओढून घेतली. कुणी आत वाकूनसुद्धा पाहिलं नाही. मग पाईपाची वाट खणली. चौदाव्या फुटावर रोग सापडला. दोन पाईपांचा सांधा उघडला होता, आणि त्या फटीतून लिंबाचं मूळ आत शिरून झिपऱ्यासारखं पसरलं होतं. पुढं आणखी दोन पाईप मधोमध तडकलेले.

मी म्हणालो, "मुळानं फोडलं."

तो म्हणाला, "मूळ नंतर आलं सर. आधी मातीनं फोडलं." आणि त्यानं मूठभर माती हातात घेऊन दाखवली. आपली काळी माती पाणी प्याली की फुगते. उन्हाळ्यात वाळली की आकसते, भेगाळते. दर वर्षी पाईपाला वर उचलते, खाली सोडते. मातीच्या पाईपाचा सिमेंटचा सांधा ताठ, त्याला वाकणं माहीत नाही. तो तुटतो. सांध्यातून ओल बाहेर आली की झाड ओलीकडं मूळ पाठवतं. त्याचा दोष नाही. १९९१ च्या मिस्त्रीनं काळ्या मातीतच नाली खणून तिच्यात तसेच पाईप ठेवले होते. खाली मुरूम नाही, वाळू नाही.

दुसरा दोष उताराचा. चार इंची पाईपाला चाळीस फुटाला एक फूट उतार पाहिजे. म्हणजे आमच्या तीस फुटांना नऊ इंच. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना धरलं आणि मोजलं. भरला चार इंच. पाणी हळू जायचं आणि मैला मागं राहायचा. तेहतीस वर्षं तो तिथं बसत आला होता.

मग काळी माती काढून टाकली. खाली मुरूम, त्यावर वाळूचा थर. जुने पाईप टाकून पी.व्ही.सी.चे चार इंची पाईप घातले. जिथं वळण तिथं चेंबर, म्हणजे उद्या तुंबलं तर झाकण काढून वरूनच सळई घालता यावी, कुणाला उतरावं लागू नये. हवेचा पाईप छपराच्या वर नेला, तोंडाला जाळी. माती लोटायच्या आधी खालचं तोंड बंद करून अख्खी लाइन पाण्यानं भरली, खूण केली आणि तासभर वाट पाहिली. पाणी खुणेखाली गेलं नाही. तेव्हाच माती लोटू दिली. दोस्तहो, ही परीक्षा केल्याशिवाय कुणालाही माती लोटू देऊ नका. एकदा झाकलं की मिस्त्री गेला आणि पैसेही गेले.

आता मुख्य गोष्ट.

परवाना त्या माणसाचा होता. पण काम कोण करत होतं? पहिल्या गड्यानं खणलं. दुसरा पंचविशीतला पोरगा, त्यानं उतार धरला, पाईप कापले, सांधे जोडले. नुसत्या डोळ्यांनी बघून म्हणायचा, "इथं अर्धा इंच कमी हाय," आणि नळी लावली तर अर्धाच इंच कमी निघायचा. परवानावाला खुर्चीवर बसून फोनवर दुसऱ्या गिऱ्हाइकांशी बोलत होता. त्याच्या पँटीला मातीचा डाग नव्हता.

मी पोराला गाव विचारलं. मग आडनाव विचारलं. तोंडातून शब्द गेला आणि जीभ चावली. आपल्याला एस.टी.त बसल्यावर सवर्ण माणूस जसं विचारतो, अगदी तस्संच. त्यानं सांगितलं. आडनावातच सगळं होतं. टाकीवाल्याच्या जातीचाच. अकरा वर्षं हे काम करतो. परवाना का काढत नाही म्हटलं तर म्हणाला, "सर, आठवीत शाळा सुटली. परवान्याला आय.टी.आय.चा कागद मागतेत. कागद कुठून आणू? हात हाय माझ्याकडं."

तिसऱ्या दिवशी टाकीच्या तोंडाशी जुन्या चेंबरमध्ये विटांचे तुकडे आणि गाळ अडकला. सळई जाईना. परवानावाल्यानं फोन कानावर तसाच ठेवून त्या पोराला सांगितलं, "उतर रे जरा. कमरेइतकंच आहे."

पोरगं चप्पल काढायला लागलं. काही विचारलं नाही. अकरा वर्षांत त्यानं कधी विचारलंच नसेल.

मी म्हणालो, "माझ्या घरात कुणी उतरणार नाही."

परवानावाला चिडला. "सर, टाकी नाही ही, चेंबर आहे. असं केलं तर धंदा कसा करायचा? स्प्रिंगचं मशीन आणायचं म्हणजे अर्धा दिवस मोडला, भाडं तुमच्यावर."

"माझ्यावर लावा."

मशीन आलं. वरून स्प्रिंग फिरवली आणि वीस मिनिटांत तोंड मोकळं झालं. वीस मिनिटं! वीस मिनिटांचं भाडं वाचवायला एक माणूस आत घालतात. टँकर, पाईप, चेंबर, मशीन, मजुरी धरून एकूण एकतीस हजार लागले. टाकीवाला बाराशेत मोकळं करून देत होता. मधल्या फरकात कुणाचा जीव आहे तो हिशेब आपण कधी मांडला का? बायकोनं भिशीचे पैसे दिले. ती म्हणाली, "महाग पडलं. पर रात्री झोप तर लागंल."

मी विचार करत राहिलो. परवाना म्हणजे काय? सरकारनं दिलेला कागद, की या माणसाला हे काम येतं आणि त्यानं ते करावं. मग टाकीवाल्याला कागद कुणी विचारला का? कुणीच नाही. त्याची जात हाच त्याचा परवाना. जन्माला आला त्या दिवशी मिळाला. त्याला परीक्षा नाही, फी नाही, मुदत नाही. रद्द करायचा म्हटला तरी होत नाही. आणि काचेतल्या परवान्याचा उपयोग काय? तर मालकाचा हात कोरडा राहावा. हात एकाकडं, कागद दुसऱ्याकडं. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त जातीची जी चिरफाड केली, ती मी पुस्तकात वाचली होती. अंगणात पहिल्यांदा पाहिली. कामं वाटली जात नाहीत, माणसंच वाटली जातात, आणि एकमेकांच्या डोक्यावर रचून ठेवली जातात.

कोर्टानं काही केलं नाही असं नाही. सफाई कर्मचारी आंदोलनाच्या खटल्यात २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की १९९३ पासून गटारात आणि टाकीत मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना दहा लाख द्या. २० ऑक्टोबर २०२३ ला तीच रक्कम तीस लाख केली. मुंबईत गोवंडीला डिसेंबर २०१९ मध्ये एका सोसायटीच्या टाकीत तीन माणसं मेली. त्यांच्या बायका हायकोर्टात गेल्या. काम खाजगी सोसायटीचं होतं म्हणून सरकार हात झटकू पाहत होतं. २०२१ साली हायकोर्टानं ते चालू दिलं नाही, भरपाई द्यायला लावली. त्या बायांना माझा जयभीम. पण भरपाई मेल्यावर मिळते. चेंबरपाशी चप्पल काढणाऱ्या पोराला जिवंतपणी काय मिळतं? तर, "उतर रे जरा."

आपल्या चळवळीनं सांगितलं, घाणीची कामं सोडा. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी सांगितलं आणि आपल्या आज्यांनी मेलेलं ढोर ओढणं सोडलं. गावानं बहिष्कार घातला, मारलं, उपाशी ठेवलं, तरी सोडलं. त्यातूनच मी मास्तर झालो. ते बरोबरच होतं. हजार वेळा बरोबर. पण आपण सोडलं आणि पुढं निघालो, तेव्हा मागं वळून पाहिलं नाही, की आपल्या जागेवर कुणाला उभं केलं. वाड्यात अनुदानातून संडास आले, आपण फोटो काढले. टाक्या भरल्या तेव्हा कुणाला फोन लावला? नाव माहीत नसलेल्या माणसाला.

महिन्याभरानं मी टाकीवाल्याच्या घरी गेलो. नाव विचारलं, त्यानं सांगितलं. इथं लिहीत नाही, कारण छापू का म्हणून त्याला विचारलेलं नाही. त्याचा पोरगा दहावी झाला होता. मी आय.टी.आय.चा प्लंबरच्या कोर्सचा फॉर्म नेला होता. एक वर्षाचा कोर्स. मी मोठ्या उत्साहात सांगत होतो, की कागद हातात आला की पुढं परवाना काढता येईल, मशीन घेता येईल, दर आपण ठरवायचा, कुणाला उतरावं लागणार नाही.

त्यानं ऐकलं. मग म्हणाला, "मास्तर, तुमचा बाप ढोरं वडत हुता म्हंता. तुमाला त्यानं ढोरं वडायचं सर्टिफिकेट काढाय लावलं का?"

मी गप्प.

"मंग माझ्या पोरानं शिकून बी गटारच कामून बगायचं? त्याला तुमच्यावानी मास्तर हुऊ द्या की."

मी फॉर्म घडी घालून खिशात ठेवला आणि परत आलो. वाटभर त्याचं म्हणणं खोडायला शब्द शोधत होतो. सापडले नाहीत. कारण तोच बाबासाहेबांचं बोलत होता. मी त्याला जातीचंच काम नवीन कागदात गुंडाळून देत होतो.

घरी आलो. फॉर्म टेबलावर ठेवला. माझा पोरगा बी.ए. झालेला, तीन वर्षं स्पर्धा परीक्षा देऊलालाय. त्याला म्हणालो, "मग तू भर."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "बाबा, लोक काय म्हणतील? पुन्हा तेच?"

"पुन्हा तेच नाही. ते ज्याच्या जातीला चिकटलं आहे त्याला तू सोडवायचं. ज्याच्या जातीला चिकटलेलं नाही त्यानं हे काम हातात घेतल्याशिवाय ते काम जातीतून सुटायचं नाही. आधी आपण, मग बामणाचं पोरगं, मग मराठ्याचं. यंत्र घेऊन, कागद घेऊन, दर ठरवून. कुणी आत न उतरता."

"आणि तुम्ही बामणाच्या पोराला सांगायला जाणार?"

"आधी माझ्या पोराला सांगूलालो."

तो उठून बाहेर गेला. मी त्याला दोष देत नाही. पंचवीस वर्षं त्याला मीच सांगितलं, की खुर्चीवरची नोकरी मिळव. त्याच्यात गटाराची किळस मीच भरली. त्या किळसेत माझ्या बापाचा अपमान होता, तोही मीच भरला. एका संध्याकाळी तो कसा निघावा?

दोस्तहो, येत्या ६ डिसेंबरला तुम्ही रॅली काढाल, मेणबत्त्या लावाल, भाषणं कराल. कराच. पण त्याआधी एक दिवस आपापल्या वाड्यातून फिरा. प्रत्येक संडासाची टाकी कधी ओढली, कुणी ओढली, यंत्रानं की माणसानं, वहीत लिहा. टाकीवाल्याच्या नंबरापुढं त्याचं नाव लिहा. मैला ओढायच्या मदतीसाठी १४४२० हा नंबर आहे, तो भिंतीवर रंगवा. काम द्याल त्याला चार प्रश्न विचारा. परवाना कुणाचा, मुदत कधीपर्यंत, काम प्रत्यक्ष कोण करणार, आणि तुंबलं तर यंत्र आहे की माणूस. चौथ्या प्रश्नावर तो अडखळला तर त्याला काम देऊ नका, मग तो कितीही स्वस्त असो आणि आपल्यातलाच असो.

फॉर्म अजून टेबलावरच आहे. त्या वर्षीची मुदत गेली, पुढच्या वर्षीचा आणला. बायको त्यावरची धूळ पुसते आणि परत तिथंच ठेवते. पोरगा तो फाडत नाही, भरतही नाही. मी रोज बघतो. तुमच्यापैकी कुणी असा फॉर्म भरला असेल तर कळवा. पोराला तुमचं पत्र दाखवीन.

जयभीम.